उम्लीलची शेपटी आणि कुरणाचा करार

बास्सूच्या मुंडाशात गवताची जुडी खोवली गेली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याचा निरोप हद्दूच्या दारी पोहोचला. "कुरण उघडायला अठरा दिवस उरलेत. तेवढ्यात कुत्र्याची शेपटी उतरवून घे. वर शेपटीचा कुत्रा दिसला तर राखणदार गोळी घालतात, हे तुला ठाऊक आहे. मग माझ्या दारात रडायला येऊ नकोस."

आमच्या तमालूत गावात दर वसंतात एका माणसाच्या मुंडाशात हिरव्या गवताची जुडी खोवतात, आणि तो त्या वर्षापुरता गवताचा मुखिया होतो. वरचे राखलेले कुरण कोणत्या दिवशी खुले करावयाचे ते तो ठरवितो. त्या दिवसाआधी ज्याची मेंढी सीमेच्या दगडांपलीकडे तोंड घालील त्याला तो दंड करतो. आणि चारही भावक्यांत कोणी त्याच्या शब्दाला उलट शब्द देत नाही. बास्सू हा न्यायाने चालणारा माणूस होता. हे मी प्रारंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे जो संताप मी लिहिणार आहे तो त्याच्यावरचा आहे असे कोणी समजू नये. निदान सगळा नव्हे.

मी या गावचा फकीह. मशिदीतील प्रार्थना, मुलांचे पाठांतर आणि गावाचे कागद ही माझी तीन कामे. मोबदल्यात वर्षाकाठी जव, आणि रोज एकेका घरी पाळीने जेवण. त्या काळी तमालूतमध्ये जुने कागद वाचता येणारा मी एकटाच होतो. मशिदीच्या कोनाड्यात देवदाराची एक पेटी असे. तिच्यात कुरणाचा जुना करार होता, चार चर्मपत्रांवर लिहिलेला, आणि तिची किल्ली माझ्या गळ्यात होती. सीमेचा तंटा झाला, दंडाचा प्रश्न आला, की मी पेटी उघडून तेवढे कलम वाचून दाखवीत असे. जिथे तंटा नव्हता तिथे कोणी विचारीत नसे, आणि मी उघडीत नसे.

निरोप आला त्या दिवशी माझ्या जेवणाची पाळी हद्दूकडेच होती. हद्दू चाळिशीचा, कष्टाळू, आणि कोणाशीही वाकडे येऊ नये म्हणून अर्धा जन्म मान खाली घालून काढलेला. त्याचा कळप त्याची थोरली बहीण इत्तो चारीत असे. नऊ वर्षांची असताना तापात इत्तोचे कान गेले. वाचा राहिली, परंतु स्वतःचा आवाज कानी पडत नसल्यामुळे ती सारे काही एकाच उंच, सपाट सुरात बोले, मग ते लग्नाचे आमंत्रण असो की शिवी. समोरच्याचे ओठ मात्र ती असे वाची की मला माझ्या विद्येची लाज वाटावी.

जवाच्या भाकऱ्या आणि लोणी मध्ये ठेवले होते. दाराबाहेर उम्लील पडला होता. चार वर्षांचा, मळकट पांढरा, वासराएवढा कुत्रा. आणि त्याची शेपटी लांब, जाड, टोकाशी शुभ्र. आमच्याकडे पिल्लाची शेपटी सातव्या दिवशी कापतात. लांडग्याला दात रोवायला जागा राहू नये, असे कारण सांगतात. उम्लील जन्मला त्या हिवाळ्यात हद्दू पाय मोडून अंथरुणावर होता आणि दारात छातीएवढे बर्फ होते. पिल्लू लोहाराकडे न्यायला कोणी निघाले नाही. बर्फ वितळले तोवर ते चार महिन्यांचे झाले. पुढची चार वर्षे कळप लहान होता, खालच्या उतारांवर भागले. या वर्षी मेंढ्या एकशे वीस झाल्या. वरच्या कुरणावाचून त्या मध्य उन्हाळ्यातच आटल्या असत्या.

"शेपटीच ना ती, लल्ला," हद्दू म्हणाला. थोरल्या बहिणीला आमच्याकडे लल्ला म्हणतात. "मान नाही."

"मग तुझी काप."

"मला कुठंय शेपटी?"

"म्हणून तर तुला काही कळत नाही."

हद्दूने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "अगं, सगळ्यांच्या कुत्र्यांच्या कापलेल्या आहेत! आपलाच एक मिरवतो. लोक हसतात. लांडग्याचा भाचा म्हणतात त्याला."

"लोकांना कान आहेत. त्यांचा कुत्रा भुंकला की त्यांना कळतं. मला काय कळतं? आता वर चार महिने मी एकटी असणार. लांडगा आला तर मला सांगणार कोण? तू येणारेस भुंकायला?"

"ओरडू नकोस!"

"तूच ओरडतोयस. तुझ्या गळ्याच्या शिरा दिसतात मला. मी बहिरी आहे रे, लांब नाही."

हद्दू माझ्याकडे वळला. फकीहाला आमच्याकडे मानाने सिदी म्हणतात. त्याच्या चेहऱ्यावर बुडणाऱ्याचा भाव होता. कोणीतरी निर्णय आपल्या हातून काढून घ्यावा असा. "सिदी, तुम्हीच सांगा तिला. करारात लिहिलेलं आहे ना?"

"लिहिलेलं आहे," मी म्हणालो.

इत्तोने भाकरी मोडायची थांबवली. "तुम्ही वाचलंय?"

"इत्तो!" हद्दू दचकला. "फकीहाला असं विचारतात?"

"विचारते. 'आहे' म्हणताना सिदी भाकरीकडे बघत होते. खरं सांगणारा माणूस माणसाकडे बघतो."

मी ताकाचा वाडगा अर्धा टाकून उठलो. माझा अपमान झाला होता. पंचवीस वर्षे ज्या गावाच्या मुलांना मी अक्षर शिकविले, त्या गावातील एक मेंढ्या राखणारी स्त्री माझ्या मुखातून निघालेल्या वचनाचे प्रमाण मागत होती! घरी परतताना मी मनातल्या मनात तिला जी उत्तरे दिली ती सर्व उत्तम होती. फक्त त्यांतील एकही 'होय, वाचले आहे' असे नव्हते.

तीन दिवसांनी हद्दू मशिदीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. तुम्ही एकदा उतारावर जाऊन तिला समजावा, तुमचा मान ती ठेवील, असे म्हणाला. मी गेलो. मला खरे तर तिला नमविण्याची इच्छा होती. ती उपदेशाच्या वस्त्रात गुंडाळून मी चढ चढलो.

इत्तो एका खडकावर लोकर पिंजीत बसली होती. कळप समोरच्या कुशीवर पसरला होता, आणि उम्लील त्याच्या वरच्या अंगाला, काटेरी झुडपांत. तो स्वतः दिसत नव्हता. झुडपांवर फक्त त्याच्या शेपटीचे पांढरे टोक दिसत होते. मी अंगरखा सावरून, कुत्रा फार जवळ येणार नाही अशा बेताने बसलो. कुत्र्याचे तोंड भांड्याला लागले तर ते सात वेळा धुवावे असे शिकत मी लहानाचा मोठा झालो होतो. कुत्र्याकडे पाहावे असे मात्र मला कोणी शिकविले नव्हते.

मी बोलू लागलो. परंपरा, गावाची एकी, मुखियाचा मान. ती माझ्या ओठांकडे पाहत होती, आणि दर दोन वाक्यांनंतर तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जाऊन परत येत होती. मग एकाएकी ती उठली.

"थांबा," म्हणाली, आणि उतरणीला लागली.

मला काहीही ऐकू आले नव्हते. मला, ज्याचे दोन्ही कान शाबूत होते! झुडपांवरचे पांढरे टोक तेवढे सरळ वर उभे राहून थरथरत होते. दोनशे पावलांवर एक कोकरू दोन खडकांच्या फटीत अडकले होते. त्याचा आवाजही फुटत नव्हता. तिने ते खांद्यावर टाकून आणले, माझ्या पायाशी ठेवले, आणि पुन्हा लोकर घेतली.

"उभी आणि थरथरली तर कोकरू पडलंय. आडवी आणि ताठ, अगदी हलत नाही, तर लांडगा. गोल फिरली तर ओळखीचं माणूस. तुम्ही येताना अर्धवट फिरली." ती हसली. "तुमच्याबद्दल त्याचं अजून ठरलेलं नाही."

"आणि खाली गेली तर?"

"गारा. माझे गुडघे दुखायच्या आधी तो मला सांगतो." मग तिचा सपाट सूर तसाच राहिला, पण हात थांबले. "सिदी, शेपटी कापली की तो भुंकेल. खूप भुंकेल बिचारा. मी लोकर पिंजत बसेन, आणि संध्याकाळी मोजायला गेले की वीस मेंढ्या कमी. दुसऱ्या वर्षी हद्दू कानवाला धनगर ठेवेल. त्यालाही मी दोष देणार नाही. मी मग घरात. लाकडं आणायची, जातं ओढायचं, आणि सगळ्यांनी माझ्या तोंडासमोर येऊन मोठमोठ्यानं तोंडं वेंगाडायची. इथं वर मला कोणी बहिरी म्हणत नाही. उम्लीलला माहीतच नाही की मी बहिरी आहे."

मी तिला समजावण्यासाठी आलो होतो. परत निघालो तेव्हा ते पांढरे टोक पुन्हा अर्धवट फिरले.

परतीच्या वाटेवर लोहार अस्सूची भट्टी लागते. पिल्लांच्या शेपट्या तोच उतरवितो. मी विचारले, उम्लीलचे काम किती दिवसांत होईल?

अस्सूने भात्यावरचा पाय काढला. "सिदी, सात दिवसांच्या पिल्लाची शेपटी म्हणजे कोवळी शेंग. नखानंही तुटते. हे चार वर्षांचं जनावर आहे. आत हाड आहे, हाडात मज्जा, बाजूनं बोटाएवढी शीर. मी मोठ्या कुत्र्याची आजवर एकदाच कापली. पुन्हा कापणार नाही म्हणून शपथ घेतलीय."

"कोणाच्या?"

तो माझ्याकडे विचित्र नजरेने पाहू लागला. "तुम्हाला ठाऊक नाही? बास्सूच्या. गेल्या वर्षी. तो आझूर, मैदानातल्या धनगरांकडून आणलेला, तीन वर्षांचा. काय देखणा कुत्रा होता! बास्सूनं त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. मी सुरी लाल केली. रक्त थांबलं, पण चौथ्या दिवशी पू झाला, पाठीपर्यंत चढला. नवव्या दिवशी गेला. बास्सू नऊ रात्री गोठ्यात झोपला. त्याची ती लहान मुलगी कुत्र्याला दुधात बुडवून भाकरी चारत होती."

"मग त्याने हे केलेच कशाला?"

"कशाला म्हणजे?" अस्सू म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत ना त्याला, लिहिलेलं आहे म्हणून."

वाचकहो, आठवण ही मोठी विनम्र दासी आहे; आपल्याला जे नको ते ती दाराआड ठेवते. त्या क्षणी ते दार उघडले. गेल्या वसंतातील एक सकाळ. मशिदीच्या अंगणातील झरा. मी प्रार्थनेपूर्वी हात धूत होतो. कोणीतरी मागून येऊन काही विचारले होते, आणि मी मान न वळविता उत्तर दिले होते. इतकेच. पूर्वीच्या फकीहाने मला तसे सांगितले होते, त्याला त्याच्या आधीच्याने सांगितले असेल. कोणीही खोटे बोलत नव्हता. आणि कोणीही पेटी उघडत नव्हता.

मी धावत गेलो असे म्हणणार नाही, माझे वय धावण्याचे नव्हते. परंतु मशिदीत पोहोचलो तेव्हा मला धाप लागली होती. पेटी उघडली. चारही चर्मपत्रे जमिनीवर पसरली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या मोहरेपर्यंत वाचले, मग पुन्हा वाचले, मग बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचले, जसे मी मुलांना वाचायला लावतो. पाण्याची पाळी होती. सीमेचे दगड होते. परक्याच्या कळपाचा दंड होता. कुत्र्याविषयी एकच कलम होते: कुरणात चढणाऱ्या प्रत्येक कळपाबरोबर कुत्रा असावा, आणि त्याच्या कृत्याला कळपाचा धनी उत्तरदायी असावा.

शेपटीचे नाव कोठेही नव्हते.

मला जो क्रोध आला तो वर्णन करणे कठीण आहे. एखाद्या दुष्टावर क्रोध आला की माणूस हलका होतो. हा तसा नव्हता. ज्या शब्दांना मी पवित्र मानले, लिहिलेल्या शब्दांना, त्यांचा मी पंचवीस वर्षे नुसता पहारा केला होता. आणि त्या पहाऱ्याच्या बळावर एका मुक्या जिवाच्या अंगावर तापलेली सुरी ठेविली गेली होती. परमेश्वराने एक अवयव घडविला. आम्ही तो कापला, आणि आज्ञा कोणाची विचारल्यावर पेटीकडे बोट केले. पेटीत काहीच नव्हते!

शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर खळ्यावर सभा भरली. चारही भावक्यांचे पुरुष गोलाकार बसले. चहाची किटली फिरली. बास्सू मधोमध होता. मुंडाशातली जुडी आता सुकू लागली होती. स्त्रिया सभेत बसत नाहीत. परंतु खळ्याच्या कडेला, दगडी कठड्याशी, इत्तो उम्लीलला घेऊन उभी होती, आणि तिला जा म्हणावयाचे तर कोणालातरी तिच्याकडे तोंड करून म्हणावे लागले असते. कोणी केले नाही.

मी पेटी आणली होती. "हद्दूच्या कुत्र्याचा प्रश्न आहे. मी करार संपूर्ण वाचून दाखवतो."

"संपूर्ण?" एक म्हातारा कण्हला. "सिदी, चहा थंड होईल."

मी संपूर्ण वाचला. चहा थंड झाला. शेवटच्या मोहरेनंतर मी पत्र खाली ठेवले. "शेपटीबद्दल यात काही लिहिलेलं नाही."

प्रथम कोणाला उमगलेच नाही. मग तोच म्हातारा म्हणाला, "असं कसं? माझ्या आजानं सांगितलंय मला, लिहिलेलं आहे म्हणून."

"तुमच्या आजांना वाचता येत होतं?"

"नाही. पण ते खोटं बोलत नसत."

"नसतील. मी बोललो."

बास्सू उठला. तो सावकाश उठला, आणि त्याचा आवाजही सावकाश होता. "गेल्या वर्षी मी तुमच्याकडे आलो होतो, सिदी. तुम्ही झऱ्यावर हात धूत होतात. मी म्हणालो, माझा कुत्रा मोठा आहे, जीवाला धोका आहे, कापलीच पाहिजे का? तुम्ही हातावरचं पाणी झटकलंत आणि म्हणालात, लिहिलेलं आहे."

"होय."

"तेव्हा पेटी उघडली होतीत?"

"नाही."

"पाणी झटकलंत फक्त."

"होय."

बास्सूने पेटीशेजारच्या दौतीकडे पाहिले. मग तो म्हणाला, "ठीक. मग आता लिहा."

"काय लिहू?"

"कुरणात येणाऱ्या कुत्र्याची शेपटी कापलेली असावी. लिहा. लेखणी तुमच्याकडे आहे, दौत आहे, सभा बसलेली आहे."

"बास्सू..."

"लिहा म्हणतो! नऊ दिवस कुजला तो. माझ्या मुलीनं विचारलं, बाबा, का कापली? मी सांगितलं, कायदा आहे पोरी, सगळ्यांना सारखा. आता घरी जाऊन काय सांगू तिला? फकीहाला पेटी उघडायचा कंटाळा आला होता म्हणून?"

आणि मग जे झाले त्याने माझे रक्त अधिक तापले. गोलातून हळूहळू माना हलू लागल्या. "लिहून टाका, सिदी." "रीत तर आहेच, कागदावर असली काय, नसली काय." "भांडण मिटेल." एकाने तर दौत माझ्यापुढे सरकविली, जशी कोणी पाहुण्यापुढे मधाची वाटी सरकवावी. त्या सर्वांच्या कुत्र्यांच्या शेपट्या सातव्या दिवशी, नखाने, कोवळ्या शेंगेसारख्या निघाल्या होत्या. त्यांचे काहीच जात नव्हते. शांतता विकत घ्यायची होती, आणि ती एका बहिऱ्या स्त्रीच्या वस्तूने.

पंचवीस वर्षांत मी सभेत आवाज चढविला नव्हता. त्या दिवशी चढविला. "मी लिहिणार नाही! माझ्या एका असत्यानं एक कुत्रा मेला. आता ते असत्य खरं व्हावं म्हणून दुसरा मारायचा? ज्या करारावर तुमच्या पूर्वजांची मोहर आहे तो तुमची लाज झाकायचं फडकं नव्हे. माझीही नव्हे!"

"तुमच्या नेमणुकीचा करार संपायला दोन महिने आहेत, सिदी," मागून कोणीतरी गोड आवाजात म्हणाले.

"मग दुसरा फकीह आणा. फक्त त्याला वाचता येतं का, ते आधी बघून घ्या."

दोघेतिघे हसले, आणि हसल्याबद्दल लगेच खाली पाहू लागले.

बास्सू माझ्याकडे पाहत नव्हता. तो हद्दूकडे वळला. "कुत्रा तुझा आहे. तू बोल. कागद राहू दे बाजूला. रीत पाळणार की नाही?"

हद्दू उभा राहिला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मी... मुखियांचा शब्द मी कधी..." आणि तिथे थांबला.

तेव्हा कठड्यावरून तो उंच, सपाट आवाज आला. ती सर्वांचे ओठ वाचीत होती.

"बास्सू, आझूर गेला तेव्हा मी रडले होते. तुझ्यासमोर नाही रडले, तू चिडला असतास. तो माझ्याकडे यायचा, ठाऊक आहे तुला? तुझ्या कळपातून निसटून. त्याची शेपटी वेगळं बोलायची. मैदानातली भाषा होती तिची, मला अर्धीच कळायची. चार दिवस अजून मिळाले असते तर पूर्ण शिकले असते." ती थांबली. "याची कापून आझूरची परत येत असेल तर सांग. मी स्वतः धरते याला."

बास्सूने तोंड फिरविले. तिला त्याचे ओठ दिसू नयेत म्हणून असेल, किंवा आणखी काही दिसू नये म्हणून.

"नाही कापणार," हद्दू म्हणाला. स्वतःच्याच आवाजाने तो इतका दचकला की त्याने पुन्हा एकदा म्हणून पाहिले. "नाही कापणार. राखणदारांना गोळी घालायची असेल तर मी तिच्याबरोबर वर जातो. आधी मला घालावी लागेल."

"तू वर काय करणार?" इत्तो म्हणाली. "तुला शेपटी नाही."

या वेळी सगळेच हसले. बास्सू सोडून. त्याने उपरण्याची टोके आवळली. त्याच्या हाती त्या वर्षाचा सारा अधिकार होता. तो म्हणाला असता तर राखणदारांनी कागदाची वाट पाहिली नसती. मग तो त्यांच्या प्रमुखाला म्हणाला, "जे लिहिलेलं आहे तेवढंच पाळा. जास्त नको, कमी नको." आणि खळ्यावरून उतरून गेला.

सभा उठू लागली. मी हात वर करून थांबविले, कारण एक कलम पुन्हा वाचायचे होते. कराराविषयी जो खोटी साक्ष देईल त्याने सभेला एक मेंढा कापून जेवण द्यावे. ते मी दोनदा वाचले. पंचवीस वर्षे ज्या घरांनी मला पाळीने जेवू घातले, त्यांना मी पुढच्या बाजारच्या दिवशी मेंढा आणून जेवू घातले. लोकांनी मिटक्या मारल्या आणि फकीहाने वरचेवर खोटे बोलावे असे विनोद केले. मला ते विनोद गोड लागले नाहीत. इतक्या सहज सारे सुटावे याचाच मला राग होता. ज्याला खरोखर माझ्याकडून काही येणे होते तो आला नव्हता.

अठराव्या दिवशी माध्यान्ही कुरण उघडले. मी सीमेच्या दगडांशी उभा राहून प्रार्थना म्हटली. धूळ उडाली, हजारो खूर वर निघाले. इत्तोचा कळप सर्वांत शेवटी होता. त्या धुळीत सर्व कुत्र्यांच्या आखूड, बोथट पाठींमध्ये एकच पांढरे टोक वर दिसत होते. माझ्याजवळून जाताना ते पूर्ण गोल फिरले. बास्सू आपल्या कळपापुढे काठी घेऊन स्वतः चालत होता. त्याच्याजवळ स्वतःचा कुत्रा नव्हता. नियमाप्रमाणे त्याने भाच्याचा मागून आणून दोरीने बांधून घेतला होता, आणि तो दोरी ओढीत मागे मागे राहत होता.

गावाने माझ्या नेमणुकीचा करार पुढे चालू ठेवला. बास्सूच्या घरची पाळी आली की भाकरी येई, लोणी येई, कालवणही निवडक येई, कारण ठरल्याप्रमाणे देण्यात त्याने कधी कसूर केली नाही. तो स्वतः मात्र माझ्याबरोबर बसला नाही. वर्षभर त्याच्या घरी मी एकटा जेवलो. भाकरी मोडताना मी समोरच्या रिकाम्या बैठकीकडे पाहत असे. भाकरीकडे पाहून जेवण्याची माझी सवय मोडली होती.

पुढच्या वसंतात गवताची जुडी दुसऱ्याच्या मुंडाशात गेली. त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी, मी झऱ्यावर हात धूत असताना मागे पावले वाजली. मी लगेच वळलो. बास्सू होता. त्याच्या अंगरख्याच्या आत काहीतरी हलत होते. त्याने कडा बाजूला केली. डोळे न उघडलेले, मळकट पांढरे पिल्लू होते, आणि बोटभर शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका. कोणाचे, ते मी विचारले नाही.

"आज सातवा दिवस," तो म्हणाला. "कापायची का?"

"नाही. तसं लिहिलेलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत क्षमा नव्हती, आणि मी ती मागितलीही नाही.

"उघडून सांगा," तो म्हणाला.

करार आता मला मुखोद्गत होता. झोपेतून उठवून विचारले असते तरी मोहरेसकट म्हणून दाखविला असता. मी हात पुसले, गळ्यातली किल्ली काढली, आणि मशिदीच्या कोनाड्याकडे निघालो. तो पिल्लू छातीशी धरून माझ्या मागे आला, आणि मी पहिल्या अक्षरापासून वाचू लागलो तेव्हा उंबऱ्यापाशी, जोडे काढून, बसला.